पांढरे वेगळे

अथलोनमधल्या माझ्या धुलाईखान्यात
बारा देशांची पोरं गाठोड्यांतून येतात.
एकालाही पाहिलेलं नाही. ओळखते मात्र सगळ्यांना.
दोन नंबरची कॉलर कायम उसवलेली,
तीनच्या खांद्यावर परक्या गालाचं घासटणं,
पंधरा बहुधा कोरडा, कोपरावर तेवढं गवत.

नियम सांगितले रशादने. व्हॅन तो चालवतो.
एक जानेवारीला जन्मलेला चालतो, आंटी फाल्डीला,
आदल्या रात्री जन्मलेला वयात बसत नाही.
म्हणजे कुणाच्या आईच्या कळा
तासभर लांबल्या, म्हणून पोरगा इथे.

तीन गट, गटात चार.
जिंकलात तर चार गुण,
चारदा रेषेपार चेंडू टेकवलात तर वर एक,
आणि हरलात, पण सातच्या आत हरलात,
तरी एक.
हे मला आवडलं.
किती थोडक्यात हरलो
याची वही ठेवणारं कुणी
माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

मग बाराही जणांची एकच रांग लावतात.
वरचे चार चषकाकडे, मधले चार मधल्यांशी,
आणि तळाचे तळाच्यांशी.
हरलेल्याला इथे घरी जायची मुभा नाही.
पाच सामने म्हणजे पाच.
शेवटून पहिला कोण,
हेही खेळूनच ठरवायचं.

फिजीचे सदरे पांढरे.
केपच्या जुलैत पांढरे! वायव्येचा पाऊस,
मैदानाचा चिखल झालेला, आणि पांढरे!
माती वाळू द्यायची, मग झटकायची.
रक्ताला गार पाणी आणि मीठ.
आठ नंबरच्या कॉलरीत आत निळ्या शाईने
आपेनिसा, खाली सिंगातोका.
प्रत्येक धुण्याला नाव फिकटत गेलं.
चौथ्या सामन्यानंतर मीच पेन घेऊन
त्याच्यावरून गिरवलं.
माझं ‘स’ वाकडं येतं. आलं.

अकराव्या जागेचा सामना सकाळी होता,
अंतिम सामन्याच्या प्रेक्षकांची अंघोळही झाली नसेल तेव्हा.
फिजी विरुद्ध जॉर्जिया. रशादने फोनवर आकडे सांगितले.
चोवीस-सत्तावीस.
तीनने गेले, म्हणजे सातच्या आत, मी म्हटलं,
एक गुण तर मिळेल?
आज नाही मिळत, आंटी. आजचा हरला
तो थेट खालच्या स्पर्धेत.
आणि पुढच्या वर्षी खाली खेळणार कोण?
ही पोरं?
यांतल्या बहुतेकांचं वय सरेल. खाली जातील ती
आज शाळेत असलेली,
ज्यांनी अजून काहीच हरलेलं नाही.

संध्याकाळी दोन्ही गाठोडी आली.
फिजीचं सोडलं: बावीस पांढरे, ओले,
आणि मध्ये एक लालभडक, आठ नंबर,
कॉलरीत द्राक्षवेलीच्या ताणांसारखी अक्षरं,
मला न वाचता येणारी.
शेजारच्या दोघांना गुलाबी करून बसला होता.
पांढरे वेगळे, हा आईने शिकवलेला पहिला नियम.
शिव्या देत त्या दोघांना भिजत घातलं.

जॉर्जियाच्या लालांत हात घातला,
तर तळाशी हा.
पुरता गुलाबी झालेला. आत वाकडं ‘स’.

रशाद घाईत होता, विमानं पहाटेची.
काढू का बाजूला, म्हणाला.
मी मोजत होते. बावीस, तेवीस.
राहू दे म्हटलं, बरोबर भरतात,
आणि झाकण लावलं.